बिब्याचा भाऊबंद

लाकडातलं आपल्याला सगळं कळतं, याबद्दल धनराजच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. सातपूरच्या एका कारखान्यात त्याने सव्वीस वर्षं लेथवर लोखंड कातलेलं. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर त्याने सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात लाकूड कातायचा जुना लेथ मांडला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायला सुरुवात केली, की ज्याने लोखंड कातलं त्याला लाकूड म्हणजे दुधी भोपळा! सोसायटीनेही ते मान्य करून टाकलं. खोटं ठरवायला दुसऱ्या कुणाला लाकडातलं कळतच नव्हतं.

२००४ची संक्रांत जवळ आली. त्याची बायको मोहिनी हळदीकुंकवाच्या वाणात दरसाल हरायची. तिने प्लास्टिकचे डबे लुटले, की समोरची पल्लवी स्टीलचे लुटणार. हिने स्टीलच्या वाट्या आणल्या, की तिच्या तांब्याच्या तयार. त्यातून पल्लवी सेक्रेटरी किशोरची बायको, म्हणजे तिच्या वाणाची वाहवा जरा मोठ्यानेच व्हायची. या वर्षी वाणाचं मी बघतो, असं धनराजने छाती पुढे काढून जाहीर केलं.

परदेशातून यंत्रं ज्या पेट्यांमधून येतात, त्यांचं लाकूड भंगार बाजारात विकायला येतं. तिथे त्याला चार जाडजूड ओंडके मिळाले. दाट तांबडा रंग, काळ्या रेघा, वजनाला दगड. हे लाकूड कसलं, हे भंगारवाल्याला माहीत नव्हतं, म्हणून धनराजनेच त्याला शिकवलं, की याला काळा शिसम म्हणतात.

आठ दिवस लेथ घरघरत होता. तांबडा भुसा त्याच्या केसांत, कॉलरमध्ये, चहाच्या कपात. तोंडाला फडकं तरी बांधा, असं मोहिनी म्हणाली, तर हा म्हणाला, लोखंडाचा कीस खाऊन जगलेल्या माणसाला भुशाचं काय सांगतेस. पापण्या सुजल्या, मान चुरचुरायला लागली, ते त्याने थंडीच्या नावावर खपवलं. एकवीस लाटणी तयार झाली, आणि ती खरोखरच देखणी होती.

हळदीकुंकू असं काही रंगलं! शिसवी लाटणं, तेही घरी कातलेलं, म्हटल्यावर बायकांनी ती उजेडात धरधरून पाहिली. पल्लवीनेही दोनदा फिरवून पाहिलं आणि खोट काढली नाही. मोहिनीला तेवढं पुरलं. त्या संध्याकाळी तिने धनराजला न मागता दुसरा चहा दिला.

चौथ्या दिवशी पल्लवीचे तळवे लाल झाले. त्यावर बारीक फोड, आणि खाज इतकी, की ती बोलता बोलता हात कठड्यावर घासायची. मग वरच्या मजल्यावर दोघींना, त्याच्या वर तिघींना तसंच झालं. तळमजल्यावरच्या बाईंचे हात मात्र स्वच्छ होते, पण त्यांच्या नवऱ्याचे सुजले. त्या घरात पोळ्या कोण लाटतं, हे धनराजला तेव्हा कळलं.

आणि ही खाज लाटण्यांची आहे, तेही तेव्हाच कळलं. 

डॉक्टरांनी लोशन दिलं आणि ॲलर्जी असेल किंवा खरूज असेल, असं मोघम सांगितलं. सोसायटीने त्यातली खरूज उचलली. घरोघर जाणारं माणूस एकच, धुणीभांडी करणारी लंकाबाई. पेठकडची, नवरा गेलेला, दोन मुली शाळेत, आणि चूल या इमारतीतल्या आठ घरांवर चालायची. किशोरने फाटकाजवळच्या फळ्यावर नोटीस लावली. लंकाबाई आली तेव्हा धनराज नेमका तिथे उभा होता.

"भाऊ, काय लिवलंय? माझं नाव हाय का त्यात?" तिने विचारलं.

त्याने वाचून दाखवलं. लंकाबाई शेंडे यांनी खरूज पूर्ण बरी होईपर्यंत इमारतीत येऊ नये.  तिने पदर कमरेला खोचला होता तो सोडला, डोक्यावर घेतला आणि आल्या वाटेने निघून गेली. तेव्हाच बोलायचं होतं. पण मोहिनीचं वाण, सव्वीस वर्षांचा लेथ आणि काळा शिसम असं सगळं एकदम आडवं आलं.

मग त्याने शहाणपणा केला. पॉलिशचा एक हात राहिलाय, लाटणी जरा परत द्या, असं सांगत तो दारोदार फिरला. एकीनेही दिलं नाही. सवाष्णीला दिलेलं वाण कुणी परत मागतं का, असं पल्लवीने दारातच विचारलं. बातमी मोहिनीपर्यंत तो घरी पोचायच्या आधी गेली होती, आणि त्या रात्रीची आमटी अळणी होती.

निदान लाकूड कसलं ते तरी कळावं, म्हणून उरलेला तुकडा घेऊन त्याने वखारी पालथ्या घातल्या. एक म्हणाला महोगनी, दुसरा म्हणाला विलायती साग. शेवटच्या वखारीत सुरगाण्याचा म्हातारा झिपरू करवतीवर होता. त्याने तुकडा हातात घेतलाच नाही. खाली ठेवायला लावला, वाकून वास घेतला आणि चिरेतला काळा चीक काडीने दाखवला.

"ह्यो बिब्याचा भाऊबंद हाय. कोण्या मुलखाचा, मला नाय ठावं. पण उतणार बिब्यावानीच, अंगावर फोड आणणार," तो म्हणाला. ओळख नसलेल्या लाकडाला आधी हाताला तेल आणि तोंडाला फडकं लावूनच भेटावं, असंही त्याने सांगितलं. मग विचारलं, "तू काय केलंस याचं?"

"लाटणी."

झिपरूने काडीने तुकडा लांब सारला. मग त्याने करवत सुरू केली.

रविवारी गच्चीवर सभा होती. विषय एकच, नवी बाई कोणती ठेवायची. धनराज उभा राहिला आणि सगळं सांगून मोकळा झाला. हा शिसम नाही, मला काही कळलं नाही, दोष माझा, लंकाबाईला परत बोलवा. मोहिनी खाली बघून साडीची निरी सारखी करत होती. धनराज शिव्यांची वाट बघत होता. पण किशोरचे डोळे भरून आले! एका गरीब बाईसाठी धनराजभाऊ स्वतःवर आळ घेतात, असं मन असायला भाग्य लागतं, असं तो म्हणाला. दोघांनी टाळ्या वाजवल्या. आणि तुमच्या पापण्या तरी कशाने सुजल्या, तीच बाई तुमच्याकडेही येते ना, असा पल्लवीचा सवाल होता.

आता आली का पंचाईत! खोटं बोलला तेव्हा सगळ्यांनी ऐकलं, आणि खरं बोलतोय तर कुणी ऐकेना. धनराजने एक लाटणं मागवलं आणि डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत घट्ट बांधून घेतलं. दोन दिवसांनी लाटण्याच्या आकाराचा चट्टा उठला, तर लंकाबाई परत येणार, नाहीतर नवी बाई येणार, असं ठरलं. किशोरने बँडेजवर सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँडेज सोडलं. हात कोरा. बघायला आलेल्या लोकांनी चुकचुकत परत बांधला. खाज सुटावी म्हणून धनराजने काळारामाला नारळ बोलला. घाम यावा म्हणून स्वेटर घालून उन्हात बसला. चट्टा उठला नाही तर त्या बाईची आठ घरं आपण खाल्ली, या विचाराने त्याला जेवण जाईना. सभेपासून न बोललेली मोहिनी संध्याकाळी जवळ आली आणि बँडेजवर बोट टेकवून हळूच म्हणाली, "येतंय का काही?"

मंगळवारी दुपारी खाज आली! धनराज "आली, आली!" करत जिना उतरला तेव्हा लोकांना वाटलं, गेलेली वीज आली. बँडेज सोडलं, तर हातावर दोन्ही टोकांच्या मुठींसकट लालभडक लाटणं उठलेलं. किशोरने पट्टी लावून मोजलं आणि फळ्यावरची नोटीस उतरवली. मग स्वतः स्कूटर काढून लंकाबाईला घेऊन आला.

ती फाटकात उतरली तेव्हा सगळी इमारत खाली जमली होती. धनराजने हात पुढे केला आणि तिला सगळं सांगितलं. तिने तो चट्टा नीट पाहिला.

"खोबरेल लावा भाऊ," ती म्हणाली. "पर एवढं कशापायी केलं?" तिने आपले दोन्ही तळवे सगळ्यांपुढे उघडून धरले. राखेने घासून पांढरे पडलेले, पण एक फोड नाही. "खरूज माझी म्हनता, तर माझ्या हाताला कुठं हाय? कुणी बघितलेच नाय."

 पल्लवीने आपले हात पदराखाली घेतले. धनराजच्या हाताला तेव्हा मरणाची खाज सुटली होती, पण त्या बाईसमोर खाजवायची त्याला लाज वाटली.