लेडीजमध्ये लेलेकाका

बाळकुमच्या सागरछाया सोसायटीत क्रीडा सचिव व्हायला कुणी तयार नव्हतं आणि प्रफुल्ल भोईर त्या मीटिंगला उशिरा पोचला, म्हणून तो क्रीडा सचिव झाला. वागळे इस्टेटमधल्या पंपांच्या कारखान्यात चाळीस माणसं सांभाळणाऱ्याला एक कॅरमची स्पर्धा काय जड, असं त्याला वाटलं होतं. शनिवारी संध्याकाळी त्याने नावं घेणं बंद केलं, तेव्हा पुरुष गटात सोळा नावं होती आणि महिला गटात एक. मंजुळा पाटील, वय त्रेसष्ट, बी विंग, तळमजला.

प्रफुल्लला उलट बरंच वाटलं. एक गट न खेळताच निकालात निघाला होता. तो कप घेऊनच मंजुळाकाकींच्या दारात गेला. सोसायटी उभी आहे ती जमीन काकींच्या सासऱ्यांची. पूर्वी तिथे भातशेती होती, पलीकडे मिठागर, आणि तरुणपणी काकींनी डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या होत्या. त्यांनी कप हातात घेतला, उलटा करून तळ पाहिला आणि परत दिला.

"कोनाला हरवलं मी?"

"कुणाला नाही, काकी. बिनविरोध."

"मंग ह्यो ने परत. मना खेलाचं हाय, बाला."

रविवारभर प्रफुल्ल काकींसाठी प्रतिस्पर्धी शोधत चारही विंग फिरला. एकीने नुकतीच नखं करून घेतली होती. दुसरी म्हणाली, मी नाव दिलं तर सासूबाईही देतील. घरी येऊन त्याने बायकोपुढे, मेघनापुढे, हात जोडले. ती सहावीनंतर कॅरम खेळलीच नव्हती. पण कपड्यांच्या घड्या घालता घालता तिने विचारलं, "कॅरमला बायकांचा गट वेगळा कशाला रे? पुरुषांची राणी काय जास्त वजनाची असते?"

प्रफुल्लने जेवताना पूर्ण वेळ विचार केला. उत्तर सापडलं नाही, म्हणून तो प्रश्न त्याने कमिटीपुढे ठेवला. अध्यक्ष परशुराम लेले नौपाड्यातल्या एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, आणि सलग सहा वर्षं सोसायटीचे कॅरम विजेते. फॉर्मवर दोन गट छापले आहेत तर दोनच गट, असं त्यांचं म्हणणं. एकदा शिस्त मोडली की ती कुठवर मोडत जाईल सांगता येत नाही, हेही त्यांनी नोंदवून घ्यायला लावलं. पण बाकीच्यांनी हात वर केले, 'पुरुष' हा शब्द खोडला गेला आणि मंजुळाकाकी सतराव्या खेळाडू झाल्या.

लेलेकाकांचा शब्द दुसऱ्याच दिवशी खरा झाला. सी विंगमधल्या सहा फुटी, रोज जिमला जाणाऱ्या धनेशने पुढच्या महिन्यातल्या महिलांच्या थ्रोबॉल स्पर्धेत नाव लिहिलं. काकी आमच्यात चालतात तर मी त्यांच्यात का नाही, हा त्याचा मुद्दा. थ्रोबॉलच्या सगळ्या बायका प्रफुल्लच्या घरी जमल्या, आणि सगळ्यांत पुढे मेघना होती. वेगळे गट कशाला, हे तूच विचारलं होतंस, अशी आठवण प्रफुल्लने भीत भीत करून दिली.

"याचा बॉल लागून माझं मनगट गेलं तर पोळ्या तू लाटशील? जिथे अंगाचा जोर लागतो तिथे वेगळं. जिथे नुसतं बोटाचं काम तिथे एकत्र. यात न कळण्यासारखं काय आहे?"

प्रफुल्लने धनेशचं नाव खोडलं आणि मेघनाचं वाक्य जसंच्या तसं डायरीत उतरवून घेतलं. सचिव झाल्यापासून त्याला पूर्ण कळलेला हा पहिला नियम होता.

काकी मात्र जिंकत सुटल्या. पदर खोचून खुर्चीच्या कडेवर बसायचं आणि एकामागून एक सोंगट्या घालवायच्या. धनेश त्यांच्याकडून पंचवीस-चारने हरला. एवढं शिकलात कुठे, असं त्याने विचारल्यावर त्या म्हणाल्या, "चार भावांत येकच बोर्ड व्हता घरान."

फायनल लेलेकाकांशी होती. एरवी क्लबहाऊसकडे न फिरकणाऱ्या तीस-पस्तीस बायका त्या रविवारी आल्या. खेळ रंगला. एकवीस-एकवीसवर काकींनी स्ट्रायकर खाली ठेवला आणि बाथरूम कुठे आहे, असं प्रफुल्लला हळूच विचारलं.

क्लबहाऊसला शौचालयं दोन होती, पाट्याही दोन होत्या. पण 'स्त्रिया' लिहिलेल्या दारामागे चार वर्षं गणपतीचं मखर, मंडपाचे पडदे आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. इथे बायका येतात कुठे, असं तेव्हा ठरलं होतं. हे सगळं ऐकून घ्यायला काकींना वेळ नव्हता. त्या सरळ पुरुषांच्या दारातून आत गेल्या आणि प्रफुल्लला बाहेर उभं राहायला सांगून गेल्या. तो दोन्ही हात पसरून उभा राहिला.

लेलेकाकांना शुगर आहे. ते मघापासून कळ काढत होते, तेही दाराशी आले.

"काका, पाच मिनिटं. आत काकी आहेत."

"पण हे पुरुषांचं आहे."

"हो, पण दुसऱ्याची चावी तुमच्याकडे आहे."

काकांनी पाटीकडे पाहिलं, प्रफुल्लकडे पाहिलं आणि खिसा चाचपला. ही वेळ नियमाची नव्हती. त्यांनी 'स्त्रिया'चं कुलूप काढलं, मखराच्या मोराशेजारून अंग चोरून आत शिरले आणि सवयीने दार लोटलं. मग चाळीस खुर्च्या कोसळल्या.

दार आत उघडणारं होतं, आणि आता ते उघडेना. "प्रफुल्ल, मी सुखरूप आहे," आतून शांत आवाज आला. "दार मात्र उघडत नाही."

बायका जमल्या. आत कोण, असं एकीने विचारलं. लेलेकाका, असं प्रफुल्लने सांगितलं. लेडीजमध्ये कसे, असं दुसरीने विचारलं. त्यांच्याकडे चावी असते, असं प्रफुल्ल म्हणाला, आणि त्यामुळे परिस्थिती जास्तच बिघडली. धनेश दाराला खांदा लावणार, इतक्यात काकी पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांनी त्याला मागे ओढलं. दाराला तोंड लावून त्या म्हणाल्या, "मास्तर, घाई करू नका. येकेक खुर्ची उचला नि येकात येक बशवा. दार आपसूक उघडंल."

याला पंचवीस मिनिटं लागली. दरम्यान धनेशने भिंतीवरचे नियम मोठ्याने वाचले. दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ बोर्ड सोडणारा बाद, हा नियम खुद्द लेलेकाकांचा होता. बायकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. पण काकींनी बोर्डावर वर्तमानपत्र पसरलं आणि मास्तर सुटेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असं बजावलं.

लेलेकाका बाहेर आले तेव्हा त्यांच्या केसांत थर्माकोलचे कण होते. ते बोर्डापाशी आले, पण बसले नाहीत.

"मंजुळाबाई, नियमाने तुम्ही जिंकलात."

"बसा, मास्तर. डाव अर्धा हाय."

ते बसले. त्यांचा नेम थोडा हुकला. काकींनी राणी घेतली, पाठोपाठ कव्हर घेतलं आणि राहिलेल्या सोंगट्या एका दमात संपवल्या. पहिली टाळी लेलेकाकांनी वाजवली. मग भाषणाला उभे राहून, महिलांचं शौचालय उद्याच्या उद्या रिकामं झालं पाहिजे, असं ते ठामपणे म्हणाले. "मी ते आतून पाहिलं आहे."

सोमवारी खुर्च्या गच्चीवर गेल्या. आत नवा बल्ब लागला, बादली आली, दाराला कडी बसली.

दोन आठवड्यांनी एका गुरुवारी कामावरून लवकर सुटल्यावर प्रफुल्लला वाटलं, स्पर्धेच्या धावपळीत आपण स्वतः एकही डाव खेळलो नाही. तो क्लबहाऊसमध्ये गेला. तिन्ही बोर्डांवर बायका होत्या. काकी लेलेकाकांना स्ट्रायकर धरायची पद्धत दाखवत होत्या आणि काका मान डोलावत होते. आपला नंबर कधी लागेल, असं त्याने मेघनाला विचारलं.

"आमच्या गर्दीत तुम्हा पुरुषांना संकोच वाटतो ना, म्हणून तुमच्यासाठी वेगळी वेळ ठेवली आहे," राणीवरची नजर न हटवता ती म्हणाली. "बाहेर लावलंय बघ."

बाहेर लेलेकाकांच्या सुबक अक्षरात कागद होता. पुरुषांसाठी राखीव वेळ, मंगळवार, दुपारी दोन ते चार. त्या वेळी प्रफुल्ल वागळे इस्टेटमध्ये पंप तपासत असतो आणि सोसायटीतले बहुतेक पुरुषही कुठे ना कुठे कामावर असतात. कागदाच्या तळाशी क्रीडा सचिवाच्या सहीची जागा मोकळी होती. आतून राणी गेल्याचा आवाज आला, मेघना हसली. प्रफुल्लने खिशातलं पेन काढलं आणि सही केली.