बाराव्या भागातल्या जानकीबाई

इन्स्पेक्टर दिघोळ्यांच्या पुस्तकाचा एकेक भाग संपला की हुलसूरच्या जानकीबाई ते पुस्तक टेबलावर आपटायच्या, आणि दुसऱ्या दिवशी लातूरच्या दुकानदाराला फोन करून पुढचा भाग मागवायच्या. असे अकरा भाग आपटून झाले होते.

"एवढं टाकाऊ आहे, तर वाचतेस कशाला?" रामाचार्य विचारायचे.

"टाकाऊ आहे हे वाचल्याशिवाय कळतं का?"

यावर रामाचार्य पानाला चुना लावत बसायचे. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांना उत्तर देण्यापेक्षा चुना लावणं सोपं वाटू लागलं होतं.

जानकीबाईंनी लहानपणी मुडबीला मामाच्या घरी तुरीच्या कणगीमागे बसून रहस्यकथा वाचल्या होत्या. तेव्हाचे गुप्तहेर कसे, ऐंशी पानांत खुनी धरायचे आणि धोतराची निरीसुद्धा विसकटायची नाही. आणि हा दिघोळे! एका भागात तेवीस वेळा चहा पितो, पण भाकरीचा एक घास कधी घेत नाही. त्याची आई पाचव्या भागापासून अंथरुणाला खिळलेली, तिला औषध कोण देतं याचा पत्ता नाही. बायका पुस्तकात येतात त्या मरायला, नाहीतर मेलेलं माणूस बघून किंचाळायला. हे सगळं जानकीबाई पत्रातून लेखकाला कळवत. चाळीस वर्षं मास्तरीण होत्या, चूक दिसली की हात शिवशिवायचा. "वैशाखात मराठवाड्यातल्या विहिरीत प्रेत तरंगेल एवढं पाणी दाखवा, मी स्वतः उडी मारते," असंही एकदा लिहून झालं होतं. अकराव्या भागातल्या तिसऱ्या खुनाच्या वेळी दोन लिटर दूध उतू गेलं, तेही लेखकालाच कळवलं.

आणि एके दिवशी मोबाइलवर लेखकाचा निरोप आला. 'आपल्या पत्रांवरून एक पात्र सुचलं आहे. बाराव्या भागात अवश्य भेटा.'

जानकीबाईंनी तो निरोप आधी रामाचार्यांना, मग दूधवाल्याला, मग अख्ख्या गल्लीला दाखवला.

"म्हणजे तुमी पुस्तकात येणार व्हय, अक्का?" शेजारच्या चंद्रम्मानं विचारलं.

"येणार म्हणजे काय? आले!"

"मग फौजदार तुमच्या सल्ल्यानं चालंल की."

जानकीबाईंनाही मनातून तसंच वाटत होतं. पांढरी साडी, चष्मा, करारी मुद्रा, आणि दिघोळे समोर हात जोडून उभा.

बाराव्या भागाच्या दोन प्रती मागवल्या. कंडक्टरनं पुडकं हातात दिलं तेव्हा बसस्टँडवर चंद्रम्मा सोबत होती. जानकीबाईंना कुठला दम निघायला! तिथल्या बाकावरच पुडकं फोडलं, एका प्रतीवर 'माझ्यावरचं पुस्तक, सप्रेम भेट' असं लिहून सही केली आणि ती चंद्रम्माच्या हातात ठेवली. आपण आत कशा आहोत हे आधी बघून घ्यावं, एवढं काही त्यांना सुचलं नाही.

ते घरी आल्यावर, अडतिसाव्या पानावर कळलं.

पानावर एक सत्यभामाबाई होती. ती रोज सकाळी ठाण्यात फोन करून हवालदाराचा पट्टा सैल असल्याचं, ठाण्यासमोरच्या झाडाला पाणी कमी पडत असल्याचं आणि वैशाखात विहिरीला पाणी नसल्याचं सांगत असे. ठाण्यातले सगळे तिला 'भोंगा' म्हणत. तिचा फोन आला की दिघोळे रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवून चहा प्यायला जाई.

जानकीबाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. भोंगाच होता.

"काय गं, आलीस का पुस्तकात?" रामाचार्यांनी विचारलं.

"तुम्ही पान खा!"

त्या तशाच चंद्रम्माकडे निघाल्या. गल्लीनं ते वाचायच्या आत पुस्तक परत आणायला हवं होतं. नाहीतर उद्यापासून पोरंटोरंसुद्धा 'भोंगा आला' म्हणतील. जिनं निम्म्या हुलसूरला बाराखडी शिकवली, तिची ही शोभा!

चंद्रम्माच्या घराला कडी होती. गल्लीतल्या सगळ्या बायका इंदिराबाईंच्या गच्चीवर पापड लाटायला गेल्या होत्या. जानकीबाई धापा टाकत जिना चढल्या, तर वरून हसण्याचा कल्लोळ ऐकू आला. गच्चीवरच्या खोलीसमोर सहा पोळपाट मांडलेले, मधोमध चंद्रम्माची सून शिवकन्या मांडी घालून बसलेली, आणि तिच्या हातात बारावा भाग. ती मोठ्यानं वाचत होती आणि बाकीच्या ऐकत लाटत होत्या.

"या या अक्का!" चंद्रम्मा म्हणाली. "पन्नासाव्या पानावर आलाव. भोंगा कोण ते आमी वळखलाव!"

जानकीबाई पापडांच्या चादरीच्या कडेला बसल्या.

"कोण?"

"ह्या बघा की! इंदिराबाई!"

लाटणं हातात धरून इंदिराबाई नव्या नवरीसारख्या लाजल्या. "आता काय सांगू बाई. पंचायतीला मीच रोज फोन करते ना नळासाठी. हुबेहूब घेतलंय मला. जावयाला कोळारला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, फॅक्टरीत पेढे वाटतो."

"अक्कांनीच लेखकाला कळवलं असंल," चंद्रम्मा म्हणाली. "दुसऱ्याचं नाव करायला मन मोठं लागतं, बघा."

जानकीबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी उडदाच्या पिठाची एक लाटी तेलात बुडवून तोंडात टाकली. चव छान लागली. दोन पापड लाटून होईपर्यंत त्या सुखात होत्या. तिसऱ्याला मात्र राहवलं नाही.

"मग ह्यात मी कुठंय?"

शिवकन्यानं पानं चाळली.

"हे काय, जानकीअत्ती. सत्तेचाळीसवर. 'शेजारच्या म्हातारीनं इन्स्पेक्टरसमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि ती काही न बोलता आत गेली.'"

"मग?"

"मग काय न्हाई. आत गेली."

"एवढंच?"

"साधी, गरीब. तुमच्यासारखी," इंदिराबाई मायेनं म्हणाल्या.

जानकीबाई ताडकन उठल्या. "ती भोंगा मी आहे! ऐकलंत का? मी!"

"कामून असं बोलायलाव, अक्का?" चंद्रम्मा समजुतीनं म्हणाली. "तुमी शिकलेली माणसं. तुमच्यावर असं वंगाळ कोण लिवंल?"

"माझ्यावरच लिहिलंय! तुम्हाला वाचता येत नाही, त्याला मी काय करू? शिवकन्या, तू वाक्याचं शेपूट गिळतेस, ऐकणाऱ्याला कळणार काय? कपाळ? आणि चंद्रम्मा, हा पापड आहे का चपाती? मधे जाड, कडेला फाटका! पापडखार किती घातलाय, लाटी खाल्ली तर जीभ सोलली. चादर ही अशी अर्धी सावलीत घालतात का? आणि इंदिराबाई, तुमचा कोपर केव्हाचा पिठात आहे! नळाला फोन करता म्हणे! एक तरी फोन मुद्देसूद केलात का जन्मात? मी अकरा पत्रं लिहिली, अकरा! तेव्हा कुठं भोंगा झाले!"

श्वास घ्यायला त्या थांबल्या. बायका आधी जानकीबाईंकडे आणि मग एकमेकींकडे बघत होत्या.

"पटलं, अक्का," चंद्रम्मा हळूच म्हणाली.

इंदिराबाईंनी कोपराचं पीठ झटकलं. त्या उठल्या, जानकीबाईंसमोर पाण्याचा तांब्या ठेवला, आणि काही न बोलता आत गेल्या.