छताला टांगलेला तेवीस नंबर

हॅडलीव्हिल हायस्कूलच्या सन्मान समितीची तातडीची बैठक मंगळवारी दुपारी चार वाजता शाळेच्या ग्रंथालयात भरली. गणसंख्या पूर्ण होती. विषय एकच होता, तेवीस नंबर. मी मर्ल व्होरीस, निवृत्त क्रीडाशिक्षक आणि समितीचा चिटणीस. जे झालं ते जसंच्या तसं लिहितोय, त्यामुळे यात अतिशयोक्ती शोधत बसू नये.

आमच्या इंडियानात माणूस एखाद्या रविवारी चर्चला दांडी मारेल, पण शुक्रवारचा शाळेचा बास्केटबॉल सामना चुकवायचा नाही. आमच्याच शाळेतला एक उंचाडा पोरगा पुढे व्यावसायिक लीगमध्ये गेला आणि अकरा वर्षं गाजला. तो थांबला तेव्हा आम्ही त्याचा चव्वेचाळीस नंबर निवृत्त केला, म्हणजे त्याची जर्सी हॉलच्या छताला टांगली आणि तो नंबर पुन्हा कुणालाही द्यायचा नाही असा ठराव केला. त्या दिवशी मी ढसाढसा रडलो. त्या रडण्याबद्दल मला आजही काही वाटत नाही.

गडबड एवढीच झाली की समारंभाला सामन्यापेक्षा दुप्पट गर्दी लोटली. शिवाय सामना हरता येतो, समारंभ हरता येत नाही. मग पुढच्या वर्षी एका गायकाचा बारा नंबर टांगला. तो दोन वर्षं राखीव बाकावर बसून होता, पण आता त्याची गाणी रेडिओवर लागत. त्यानंतर टीव्हीवर हवामान सांगणारा. मग च्युइंगमच्या जाहिरातीत सहा सेकंद नाचलेला. तो कधी खेळलाच नव्हता, म्हणून नियम चार (ब) घालावा लागला : खेळलेलं असणं आवश्यक नाही, प्रसिद्ध असणं पुरेसं आहे.

इथेच घोडं पेंड खायला लागलं. शाळेच्या सामन्यात पंच खेळाडूचा नंबर हाताच्या बोटांनी दाखवतो आणि एका हाताला बोटं पाच. त्यामुळे सहा ते नऊ हे आकडे जर्सीवर चालत नाहीत. सगळे मिळून नंबर होतात सदतीस. देवानं पंचांना आणखी बोटं दिली असती तर ही वेळ आली नसती, पण तो विषय समितीच्या कक्षेत येत नाही.

एकोणीस वर्षांत बत्तीस नंबर छताला गेले. मुलांनी गेल्या वर्षीच बास्केटबॉल सोडून कुस्ती धरली, कुस्तीला नंबर लागत नाही. मुलींसाठी पाच नंबर उरले, म्हणून संघात पाच मुली उरल्या. एखादीचा पाय मुरगळला तर ती लंगडत खेळायची.

तेवीस नंबर होता डिलेनी हॉस्टेटलरचा. बारावीतली पोर. तिच्यासारखा हात मी चाळीस वर्षांत पाहिला नाही. शुक्रवारी तिला पाहायला विद्यापीठाचा प्रशिक्षक येणार होता. त्याला पसंत पडली तर चार वर्षांचं शिक्षण फुकट, नाहीतर गावाबाहेरच्या बदकांच्या शेडमध्ये अंडी गोळा करायची.

आणि त्याच शुक्रवारी यायला एक नटी कबूल झाली. नववीत असताना ती सात महिने आमच्या शाळेत होती, मग कॅलिफोर्नियाला गेली आणि मोठी झाली. तिच्या व्यवस्थापकाने कळवलं, बाईंना तेवीस आकडा लाभतो, तोच त्यांच्या नावाने टांगा.

डिलेनी बैठकीत उभी होती. अध्यक्षा लॉरेन स्टकी, फर्निचरच्या दुकानवाल्या, तिला गोड आवाजात म्हणाल्या, "बाळ, तू दुसरा नंबर घे ना."

"कुठला घेऊ, लॉरेनबाई? एखादीचा घेतला तर ती बाहेर बसेल. आणि चौघींवर सामना सुरूच होत नाही."

"हं. तेही खरंच."

"मग त्यांनाच सांगा ना दुसरं काहीतरी! त्या कधी चेंडूला शिवल्यासुद्धा नाहीत."

"चार (ब)," बाई म्हणाल्या. "प्रसिद्ध असणं पुरेसं आहे."

"मलाही व्हायचंय की प्रसिद्ध! पण आधी खेळू तर द्याल?"

"अगं, मग हो ना! कोण अडवतंय? झालीस की अर्ज कर, तुझा नंबर आम्ही स्वतः टांगू."

"कुठला नंबर?"

"तो विषय आजच्या पत्रिकेवर नाही."

मतदान झालं. तीन विरुद्ध तीन. राहिलो मी. डिलेनी माझ्याकडे वळली. "सर, चेंडू कसा धरायचा ते तुम्हीच शिकवलंत ना मला? मग बोला की काहीतरी!"

मी बोललो. मी विचारलं, "नटी समितीबरोबर फोटो काढून घेईल ना?"

"घेईल. प्रत्येकाबरोबर वेगळा," लॉरेनबाई म्हणाल्या.

ठराव चार विरुद्ध तीन मतांनी संमत झाला आणि त्याच क्षणापासून तेवीस नंबर कुणालाही घालायची बंदी झाली.

शुक्रवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कोर्टवर चार मुली जर्सी घालून आणि डिलेनी साध्या पांढऱ्या टी-शर्टात. पंचाने तिच्याकडे पाहून दोन्ही हात वर केले, दाखवायला काही सापडेना, तसे खाली घेतले. पाहुणा संघ न खेळताच जिंकला. कुणाच्या ध्यानातही आलं नाही, कारण नेमकी तेव्हाच नटी आत आली.

जर्सी वर चढवण्याचा मान लॉरेनबाईंनी डिलेनीला दिला. नव्या पिढीचा सहभाग, म्हणे! पोरीने दोर ओढला. स्वतःच घरी धुऊन, इस्त्री करून आणलेली जर्सी ती इंच इंच वर चढवत होती. मला फार वाईट वाटलं, खरंच सांगतो. टाळ्या मात्र मी सगळ्यांबरोबरच वाजवल्या.

फोटोच्या रांगेत माझ्या पुढेच विद्यापीठाचा प्रशिक्षक उभा होता.

"तुम्ही डिलेनीला बघायला आला होता ना?" मी विचारलं.

"कोण? हां, हां, ती! खेळली नाही वाटतं?"

"नाही."

"अरेरे. बरं, पुढे सरका हो, रांग तुटतेय."

डिलेनी सध्या बदकांच्या शेडमध्ये आहे. ही हकिगत मी आजवर निदान पन्नास जणांना सांगितली असेल. प्रत्येकजण हळहळला. प्रत्येकाने समितीला शिव्या घातल्या, मलाही घातल्या, त्या मी ऐकून घेतल्या. आणि मग जरा जवळ सरकून प्रत्येकाने एकच विचारलं, "पण नटी कोण होती हो?"

तुम्हालाही मघापासून तेच विचारायचंय, मला ठाऊक आहे. लाजू नका. फोटो माझ्या दिवाणखान्यातच लावलाय. या कधीही.