हकीकत नव्या वेगवान यंत्राची आणि उठून गेलेल्या दरबाराची

श्री कुलस्वामिनीचे पायी मस्तक ठेवून आणि विजेच्या तारेस हात न लावता ही हकीकत लिहिली जाते. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, लग्नसराई भरात. राज्याचे नाव सांगत नाही, सांगितले तर भांडायला येणारे पुष्कळ आहेत. राज्य म्हणजे बाजारपेठेतला फोटोचा स्टुडिओ. मागे निळा पडदा, मध्ये चिरंजीव दिगंबर यांची संगणकाची गादी, आणि पुढे भिंतीला लागून लांब बाकडे. आम्ही या राज्याच्या मातुःश्री. शाळा चौथीपर्यंत जाहली, पुढे माणसे वाचली. यजमान कैलासवासी जाहले तेव्हापासून कॅमेरा चिरंजीवांकडे आणि बाकडे आमच्याकडे, ऐसी वाटणी चालत आली.

आता बाकड्याचा कारभार ऐकावा. थोरले यंत्र वृद्ध होते. फोटो उघड म्हटले की पडद्यावर चक्र फिरू लागे आणि पोटातला पंखा पिठाच्या गिरणीसारखा घुमू लागे, आणि एक चेहरा उजळ करायचा तर गिऱ्हाईक तासभर बाकड्यावर अडकून पडे. बसलेले माणूस किती वेळ गप्प राहील? आधी उन्हाविषयी बोलते, मग गुडघ्यांविषयी बोलते, आणि मग घरातले बोलते. त्या बाकड्यावर आम्ही सोयरिका जुळविल्या, मोडायच्या त्या मोडविल्या, दोघा भावांचा बांधावरचा तंटा मिटविला, आणि कोणाचे दुखणे कोणत्या डॉक्टरकडे न्यावे तेही सांगितले. फोटो हे निमित्त. कान उघडे ठेवावेत आणि जीभ वेळ बघून काढावी, हे आमचे राजकारण.

ऐसे असता आश्विनात इंदूबाई म्हणोन एक बड्या घरच्या बाई पुत्राचा लग्नातला फोटो घेऊन आल्या. म्हणाल्या, नवरी कापून टाका, कपाळावरच्या मुंडावळ्या काढा, एकटा मुलगा ठेवा. थोरल्या यंत्राने त्या कामी दुपार खाल्ली. चिरंजीवांनी कानात गाण्याच्या गोळ्या घातलेल्या, त्यांस काही ऐकू नाही. इंदूबाई बाकड्यावर बसल्या, चहा घेतला, आणि मग पोटातले बाहेर आले. म्हणाल्या, "पहिली टिकली नाही हो. हात भाजला, कोपराच्या वरपर्यंत. दूध उतू गेलं म्हणे. माहेरी धाडली." आम्ही विचारले, "कागद झाले का सोडचिठ्ठीचे?" त्या म्हणाल्या, "कागद कशाला? ती काय कोर्टात जाणार आहे! आता धैर्यशीलला शिकलेली बघतोय." आणि हसल्या. आम्ही त्यांची कपबशी उचलून मोरीत नेली.  त्या भावकीतली सारी लग्ने आमच्याच स्टुडिओकडे, एक शब्द बाहेर पडला तर राज्य बसते. म्हणोन मनसुबा ऐसा केला की, पंचक्रोशीतली लग्नाची मुलगी फोटोला येणार ती आमच्याकडेच. जी या घरी जाणार ती बाकड्यावर बसेल, आणि तिच्या आईबापांस हलक्या आवाजात सांगू. जातात कोठे?

मग संकट आले ते घरातून. चिरंजीव एके दिवशी उभे राहून बोलते झाले, "आई, जुन्यात आठची रॅम आहे. अल्बम उघडला की मशीन मरतं. नव्यात चौसष्टची आहे, ग्राफिक कार्ड वेगळं आहे."

"कार्ड घालून काय होतं?"

"वेळ वाचतो."

"वाचलेला वेळ ठेवणार कुठे? माळ्यावर?"

"आई, थट्टा नको. पलीकडच्या गल्लीत पाच मिनिटांत फोटो मिळतो. लोक तिकडे चाललेत. अजून एक सीझन असा गेला की मी दुसऱ्याच्या दुकानात नोकरीला."

पोरगे खरे बोलत होते. आणि मग नवे यंत्र पुण्याहून आले. काळी पेटी, एका अंगास काच, आत तांबडे निळे दिवे, आणि आवाज म्हणाल तर नाही. थोरले यंत्र घुमे म्हणोन ते जिवंत आहे हे कळे. हे मांजरासारखे बसून राहिले. आम्ही हळदकुंकू लावले ते हात लांब करून लावले. चिरंजीवांनी बोट दाबले आणि नवरीचा चेहरा, शालू, मागचा मांडव, सगळे आम्ही चष्मा पुसेपर्यंत लख्ख जाहले. चिरंजीव लहानपणी हसत तसे हसले. 

आणि दरबार उठला. गिऱ्हाईक यावे, पडद्यापुढे बसावे, फोटो घ्यावा आणि चालते व्हावे. "बसा की," म्हणावे तर, "नको मावशी, झालं की काम." कोणी उन्हाविषयीही बोलेना. आम्ही रिकाम्या बाकड्याच्या टोकाशी बसून दाराकडे डोळे लावू लागलो, आणि कोणी तरणी मुलगी आत आली की मनात येई, हीच तर ती नव्हे? विचारावे कसे? पुसता पुसता तिचा फोटो हातात पडे आणि ती रस्त्याला लागे. अन्न गोड लागेना. चिरंजीव म्हणाले, "आई, बीपी तपासून घे." आम्ही म्हणालो, "माझं बीपी तुझ्या पेटीत आहे."

ऐसे दिवस जाता मार्गशीर्ष वद्य पंचमीस, उन्हे उतरण्याचे सुमारास, रंगराव म्हणोन दूध डेअरीवरचे गृहस्थ आणि त्यांची नर्सिंग शिकणारी कन्या मयूरी आली. मुलीने फिक्या आंबा रंगाची साडी नेसलेली. साडीतील मुलगी फोटोला आली म्हणजे काय ते आम्ही ओळखले, आणि म्हणालो, "बसा, पान जमवून आणते." आणि आत गेलो. चुना लावला, कात लावला, सुपारी कातरली, आणि बाहेर येतो तो बाकडे रिकामे. पान आमच्या हातात तसेच.

"गेले?"

"केव्हाच. एसटी गाठायची होती त्यांना," चिरंजीव म्हणाले. "आणि आई, गंमत ऐक. ह्याच मापाचा काढा म्हणून मुलाचा फोटो नमुन्याला आणला होता, तो आपलाच! मुंडावळ्या पुसल्या होत्या बघ मी, तो. कपाळावर खूण नाही. स्वच्छ!"

आमच्या हातातले पान खाली पडले. म्हणालो, "अरे दिग्या, लग्नातला फोटो दुसऱ्या मुलीला दाखवतात, तुला काही वाटलं नाही?"

"आई, मी फोटो बघतो. माणसं तू बघतेस."

मग त्यांस हकीकत दोन वाक्यांत सांगितली. म्हणाले, "सांगितलंस तर इंदूबाई आपल्याला जगू देणार नाहीत." आम्हांसही तेच भय होते. दोन्ही भये तोलून पाहिली, एक राज्याचे आणि एक पोरीच्या हाताचे. मग आम्ही चपला शोधिल्या. एक सापडली, एक चिरंजीवांची घातली, आणि जे राज्यकर्ते बाकड्यावरून सणावारीच उठत ते भर पेठेतून स्टँडाकडे निघाले. भाजीवालीने विचारले, "आईसाहेब, कोण गेलं?" आम्ही म्हणालो, "अजून कोणी नाही," आणि चालू पडलो.

गाडी सुटायच्या बेतात होती. कंडक्टराने हात देऊन वर घेतले. रंगराव आणि कन्या मधल्या बाकावर. आम्ही धापा टाकीत म्हणालो, "रंगराव, त्या घरी मुलगी देऊ नका. धैर्यशीलचं एक लग्न झालेलं आहे. बायको जिवंत आहे."

रंगराव तांबडेलाल जाहले. "बाई, तुम्हाला कोणी विचारलं? सुपारी फुटलीय आमची. चांगलं जमलं की लोकांच्या पोटात दुखतं. उतरा खाली!" सारी गाडी वळून पाहू लागली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, एक तर उतरा नाही तर तिकीट काढा." आम्ही कमरेस हात लावला तो पिशवी स्टुडिओत राहिलेली. ऐसा अपमान या राज्याने कधी पाहिला नव्हता. आम्ही बाकाचा दांडा धरून राहिलो. तेव्हा मयूरीने पर्स उघडिली आणि म्हणाली, "आजींचं पण अर्धं द्या." मग घंटी जाहली आणि गाडी हलली.

मुलगी सरकून बसली. हळूच म्हणाली, "आजी, पहिलीचं काय झालं?" आम्ही सांगितले, हात भाजला, कोपराच्या वरपर्यंत, दूध उतू गेले म्हणतात. मुलीने आपल्या कोपरावर बोट ठेवून वर कोठवर ते पाहिले. मग म्हणाली, "वॉर्डात बघते मी असले हात. दूध उतू जाऊन तिथपर्यंत भाजत नाही." आणि तिने आपल्या दोन्ही मनगटांवर पदर ओढून घेतला.

रंगराव म्हणाले, "ऐकीव गोष्टी! पुरावा काय?" आमच्यापाशी पुरावा नव्हता. फोटो चिरंजीवांनी स्वच्छ केलेला, म्हणजे मुलगा कोरा आहे ऐसी साक्ष आमचेच राज्य देत होते. मयूरीने बापाच्या खिशातून धैर्यशीलचा फोटो काढला, उजेडाकडे धरिला, आणि गाडी खड्ड्यांतून उसळत असता फार वेळ पाहिला. मग बोट ठेवून म्हणाली, "आप्पा, हे कॉलरच्या घडीत काय आहे?"

रंगरावांनी चष्मा वर केला, खाली केला. शेरवानी पांढरी, आणि घडीत एक तांबडा दाणा. आम्हीही पाहिला. थोरले यंत्र त्या दिवशी मध्येच अडकले होते आणि चिरंजीव कंटाळून तेवढ्यावर उठले होते, त्यात तो राहिला. रंगराव पुटपुटले, "अक्षता आहे ही." आणि मग त्या गृहस्थांनी फोटो उलटा करून मांडीवर ठेविला.  त्यांच्या मनात काय चालले ते कळेना. शब्द मोडायचा म्हणजे चारचौघांत नाक कापून घ्यायचे, आणि बापमाणूस त्या भयाने काय काय कबूल करते ते आम्ही बाकड्यावर पुष्कळ ऐकिले होते.

गाव आले. रंगराव उतरले, मागे वळून पाहिले, आणि म्हणाले, "बाई, हिच्या आईला सांगायला माझ्याच्यानं जमायचं नाही. तुम्ही चला." आम्ही गेलो. दोन पायांत दोघांच्या चपला घालून गेलो, आणि परक्या ओटीवर बसून सगळे सांगितले.

तात्पर्य ऐसे की, सोयरीक मोडली. मयूरी नर्सिंगच्या वसतिगृहात परत गेली. इंदूबाईंच्या भावकीने आमच्याकडील लग्नाचे बयाणे माघारी नेले, आणि इंदूबाई स्वतः भेटीस येणार ऐसा निरोप आहे. कधी ते सांगितले नाही. दार वाजले की चिरंजीव आणि आम्ही एकमेकांकडे पाहतो. नव्या यंत्रावर काम चालते, गिऱ्हाईक टिकून आहे, त्यास नावे ठेवीत नाही. मात्र परवा चिरंजीवांस हुक्की आली आणि त्यांनी धैर्यशीलचा तोच फोटो नव्या यंत्रात उघडला, एक बोट फिरविले, आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत कॉलरीवरला तांबडा दाणा नाहीसा जाहला. खाली कापड जसेच्या तसे, घडीसुद्धा. म्हणाले, "बघ आई. आता कुणाला काही दिसणार नाही." बोलले आणि त्यांचे त्यांसच कळले, आणि त्यांनी बोट चटका बसावा तसे मागे घेतले. पेटी आवाज न करता बसून राहिली. येणेप्रमाणे घडले ते लिहिले, भिऊन लिहिले, पण लिहिले.