चावी लावणाऱ्याच्याच खिशात

दयाराम लांजेवारचं म्हणणं असं होतं, की पोरीचं सामान परदेशात पाठवायचं तर ते प्लांटच्या शिस्तीनं पाठवायचं. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये चौतीस वर्षं त्यानं इलेक्ट्रिशियन म्हणून काढली होती, आणि तेवढ्या काळात त्यानं लावलेलं एकही कुलूप त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणी उघडलं नव्हतं. ही गोष्ट तो राहायचा त्या रिसाली वस्तीतल्या बहुतेक सगळ्यांना पाठ झाली होती. भाजीवाला तर दयाराम दिसला की स्वतःच म्हणायचा, "हां भैया, मालूम है, ताला."

गीतांजली ही त्याची एकुलती एक मुलगी. तिला जर्मनीतल्या एका विद्यापीठात धातुशास्त्र शिकायला प्रवेश मिळाला होता. फॉर्म भरला तेव्हा तिची आई, कमलिनी, तिच्या बाजूला बसून होती. प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा कमलिनी राहिली नव्हती. त्यामुळे सामान बांधायचं काम दयारामकडे आलं, आणि एखादी भट्टी दुरुस्तीला बंद करायचं काम अंगावर घ्यावं तसं त्यानं ते घेतलं.

आधी त्यानं कमलिनीची मोठी लाल सूटकेस माळ्यावरून काढली. ती फायबरची होती आणि चांगली मजबूत होती, पण दयारामला ती नाजूक वाटली. हुडको कॉलनीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे नेऊन त्यानं तिला भोवताली दोन लोखंडी पट्ट्या मारून आणल्या, पुढे जाड कडी बसवून घेतली. घरी आली तेव्हा ती सूटकेस कमी आणि ट्रान्सफॉर्मर जास्त दिसत होती.

"बाबा, हिले नंबरचं लॉक होतं ना," गीता म्हणाली.

"नंबरचं लॉक म्हणजे खेळणं. तू चूप बस."

"बरं. मग ओरिजिनल मार्कशीट अन् डिग्री मी हँडबॅगमध्ये ठेवते."

"हँडबॅग कोणी बी ओढून नेते. ओरिजिनल मोठ्या पेटीत राहतीन."

"सगळे पोरं हँडबॅगमध्येच नेतात बाबा."

"सगळ्या पोरांचे बाप प्लांटमध्ये होते का? अभ्यास तू कर. सामान मले करू दे."

आता त्या कुलपाबद्दल सांगायला हवं. प्लांटमध्ये मशीनच्या आत शिरून काम करायचं असलं, की आधी वीज बंद करतात. मग जो माणूस आत शिरणार तो त्या स्विचवर आपलं स्वतःचं लाल कुलूप लावतो आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवतो. बायकोला नाही, साहेबाला नाही, देवालाही ती चावी द्यायची नाही. कारण बाहेरून कोणी चुकून मशीन चालू केलं, तर आतला माणूस चटणीसारखा वाटला जातो. दयाराम निवृत्त झाला तेव्हा सेक्शनच्या मंडळींनी त्याला शाल दिली, नारळ दिला, आणि त्याचं नाव कोरलेलं एक नवंकोरं लाल कुलूप दिलं. सोबत लाल टॅग. टॅगवर दयारामचा फोटो, फोन नंबर, आणि हिंदी-इंग्रजीत मजकूर: धोका, माणूस काम करत आहे, हे कुलूप लावणाऱ्यानेच काढावे.

ते कुलूप त्या सूटकेसला लागलं. टॅगही लागला. "बेल्टवर पेटी ओळखू येते," दयाराम म्हणाला. रायपूरच्या विमानतळावर त्यानं स्वतःच्या हातानं कुलूप दाबलं, तीन वेळा ओढून पाहिलं, चावी शर्टाच्या खिशात टाकली आणि खिशावर दोनदा थाप मारली.

घरून कुठंही निघताना कमलिनी दारात अडवून तीन प्रश्न विचारायची. गॅस बंद केला का, नळ बंद केला का, चावी कोणाजवळ हाय. गोंदियाला लग्नाला जायचं असो की कोपऱ्यावर दूध आणायला, तिन्ही प्रश्न. दयाराम त्यांना इतका वैतागायचा की कधीकधी उत्तर न देताच स्कूटर चालू करायचा. रायपूरला कोणी काही विचारलं नाही. गीता काचेच्या पलीकडे गेली, हात हलवला, दिसेनाशी झाली. परत येताना दयारामच्या मनात आलं, यावेळी किती सुटसुटीत निघालो आपण.

सोमवारी साडेअकराला फोन आला. तिकडे सकाळचे आठ वाजले होते. गीता आदल्या रात्री पोचून तशीच झोपली होती.

"बाबा, चावी कुठं ठेवली?"

"कायची चावी?"

"पेटीची."

दयारामनं खिशाला हात लावला. शर्ट धुतलेला होता, पण सवयीनं त्यानं चावी जुन्या शर्टातून काढून या शर्टात टाकली होती. चावी तिथंच होती. एकदम सुरक्षित.

"बाबा?"

"थांब. दुसरी चावी मी तुले दिली."

"मले नाही दिली."

"दिली. लिफाफ्यात घातली. लिफाफ्यावर लिहिलं."

"कोणता लिफाफा? हँडबॅग मी तीनदा उलटी केली. चार्जर हाय, लाडू हाय, तुमचा नेलकटर हाय. लिफाफा नाही."

"नीट पाहा."

"बाबा, आज बारा वाजेपर्यंत ओरिजिनल कागद दाखवून नाव नोंदवायचं हाय. आज शेवटचा दिवस. नाही नोंदवलं तर सीट जाते. अन् सीट गेली तर मले परत यायले लागते."

दयारामनं घड्याळ पाहिलं. तिकडचे बारा म्हणजे इकडचे साडेतीन. चार तास. चार तासांत त्यानं एकेकाळी आख्खी क्रेन चालू करून दिली होती.

"तोडून टाक," तो म्हणाला.

"कशानं? माझ्या रूममध्ये एक चमचा हाय."

"चमच्यानं नाही तुटणार ते. ते कडक पोलाद हाय." हे सांगताना त्याच्या आवाजात थोडा अभिमान आला, आणि पलीकडून गीतानं इतका मोठा श्वास सोडला की तो जर्मनीहून भिलाईपर्यंत ऐकू आला.

शेवटी तिनंच मार्ग काढला. धातू शिकवायचं विद्यापीठ, तिथं धातू कापायची मशीन असणारच. ती पेटी ओढत वर्कशॉपला गेली. रस्ता दगडी होता, पेटीचं एक चाक वाटेतच सुटलं. ("लोखंडी पट्टीचं वजन, बाबा. मी काही बोलत नाही.") वर्कशॉपचा प्रमुख क्राउझे नावाचा पांढऱ्या मिशीचा माणूस होता. त्यानं कटर हातात घेतला, पेटीजवळ वाकला, टॅग वाचला, आणि कटर परत खुंटीला अडकवला.

सव्वाबाराला गीताचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, हा कापत नाही म्हणतो."

"कावून?"

"म्हणतो, हे ज्यानं लावलं त्यानंच काढायचं. टॅगवर लिहिलं हाय म्हणतो. तुमचंच वाक्य हाय."

फोनवर पांढऱ्या मिशीचा चेहरा आला. दयाराम खुर्चीत ताठ बसला. प्लांटमधली इंग्रजी त्यानं गोळा केली.

"सर, आय ओनर. माय लॉक. यू कट."

क्राउझेनं टॅगवरचा फोटो पाहिला, फोनमधला दयाराम पाहिला, परत फोटो पाहिला. मग त्यानं सावकाश विचारलं, आत माणूस आहे का?

"नो मॅन इनसाइड," दयाराम म्हणाला. "ओन्ली पापड."

क्राउझे हसला नाही. तो म्हणाला, नियम नियम असतो. लावणारा हजर नसेल तर त्याचं लेखी पत्र पाहिजे, त्यात कारण पाहिजे, आणि त्याच्या विभागाच्या प्रमुखाची सही पाहिजे. तेव्हाच कापतो. तीस वर्षांत त्यानं दुसऱ्याचं कुलूप कधी कापलं नव्हतं.

दयाराम चिडला. इतका चिडला की उभा राहिला. "अरे साध्या सूटकेसले नियम कायचा लावून राहिला हा माणूस? डोकं हाय का नाही?"

"बाबा," गीता म्हणाली, "हा माणूस तुम्ही आहात. फक्त गोरा हाय."

आता विभागाचा प्रमुख म्हणजे चिंधू हटवार. दयारामचा फोरमन, निवृत्त, शेजारच्याच गल्लीत राहायचा. आणि तिथंच खरी अडचण होती.

बारा वर्षांपूर्वी चिंधू आपलं कुलूप स्विचवर विसरून अहिवारा गावी साळीच्या, म्हणजे मेहुणीच्या, लग्नाला निघून गेला होता. मशीन बंद पडून राहिलं. साहेब म्हणाले, कापा कुलूप. दयाराम कटरसमोर आडवा उभा राहिला. ज्यानं लावलं तोच काढेल. मग चिंधूला पंगतीतून उठवून आणलं, सूट घातलेला, कपाळावर कुंकू, हातात अर्धी जिलबी. एवढ्यावर दयारामचं भागलं नाही. त्यानं चिंधूकडून फॉर्म भरून घेतला आणि कारणाच्या रकान्यात लिहून घेतलं: माझ्या हलगर्जीपणामुळे. साळीच्या लग्नाच्या फोटोत चिंधू कुठंच नाही, हे त्याची बायको अजून सांगते.

दयाराम त्याच्या दारात गेला तेव्हा चिंधू झोपाळ्यावर बसून शेंगा खात होता. सगळं ऐकून झाल्यावर त्यानं आणखी दोन शेंगा फोडल्या.

"म्हणजे कुलूप तिकडे, अन् चावी तुझ्या खिशात."

"हो."

"दाखव बरं."

दयारामनं दाखवली. चिंधूनं ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली, जशी लोक नातवाची जन्मपत्रिका पाहतात.

"चिंधूभाऊ, टाइम नाही."

"टाइम नाही कावून? मले अहिवाऱ्याहून यायले दोन तास लागले होते. तेव्हा होता ना टाइम."

चिंधूची सून नीतू घरी शिकवण्या घ्यायची, तिच्याकडे प्रिंटर होता. तिनं फॉर्म इंग्रजीत टाइप करायला घेतला. चिंधू तिच्या मागे उभा राहिला आणि प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचू लागला. नाव. विभाग. कुलूप कुठं लावलं. "इथं काय लिहायचं? मशीनचं नाव?"

"पापाजी, सूटकेस लिख देती हूँ."

"लिख. लाल सूटकेस. पूरा लिख." मग तो थांबला. "अन् आता कारण."

"काही बी लिहा," दयाराम म्हणाला. "चावी सोबत पाठवायची राहून गेली, लिहा."

"काही बी नाही चालत. कारण स्पष्ट लिहावं. तूच म्हटलं होतं."

दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. दयारामनं चिंधूकडे पाहिलं. चिंधूनं पंख्याकडे पाहिलं. नीतूची बोटं कीबोर्डवर थांबून होती.

"लिही," दयाराम म्हणाला. "माझ्या हलगर्जीपणामुळे."

"जरा जोरानं. नीतूले ऐकू नाही आलं."

"सुन लिया पापाजी," नीतू म्हणाली, आणि बिचारीनं पटकन टाइप केलं. घाईत तिनं फॉर्मच्या दोन कॉप्या काढल्या, एक भरलेली, एक कोरी. दयारामनं सही केली. चिंधूनं खिशातून पेन काढलं, झाकण उघडलं, कागदावर टेकवलं, आणि मग थांबला.

"पोरगी परत नाही आली पाहिजे," तो एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाला. "कमलिनीवहिनी लय मागं लागली होती तिच्या त्या अ‍ॅडमिशनच्या फॉर्मच्या." आणि त्यानं सही केली. पूर्ण नाव, तारीख, वेळ, आणि खाली 'माजी फोरमन'.

फोटो काढून पाठवला. तो मोबाइलवरून जाईना. नीतूनं परत पाठवला. गेला. मग तिकडून कळलं, क्राउझे चष्मा शोधतोय. मग कळलं, क्राउझे वाचतोय. मग बराच वेळ काहीच कळेना. दयाराम घरी येऊन देवघरासमोर बसला, आणि देवाऐवजी कमलिनीच्या फोटोकडेच पाहत राहिला. "मले बोलू नको," तो म्हणाला. "पोरीचं होऊ दे, मग काय बोलायचं ते बोल."

तीन चोवीसला फोन वाजला.

"झालं बाबा. नाव नोंदवलं. पळत गेले. त्या बाई खिडकी बंदच करत होत्या."

दयाराम नुसता मान हलवत राहिला, जणू ती तिकडून दिसत होती.

"अन् क्राउझे म्हणतो, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा. असा फॉर्म त्यानं पहिल्यांदा पाहिला. फाइलला लावून ठेवला."

"बरं."

"अन् बाबा, लिफाफा सापडला."

"कुठं?"

"पेटीत. सगळ्यात वर. मार्कशीटच्या फाइलवर टाचणीनं लावला हाय. वर लिहिलं हाय, दुसरी चावी, गीतासाठी, सांभाळून ठेवणे."

दयारामनं खिशातली चावी चाचपली.

"आई असती तर दारातच विचारलं असतं," गीता म्हणाली.

"हो."

"तुम्ही जेवले का?"

"जेवतो. तू पापड डब्यात काढून ठेव, नाही तर नरम पडतीन."

फोन ठेवल्यावर दयारामला पहिल्यांदा चिंधूची आठवण झाली. काही झालं तरी त्यानं सही केली होती. त्याला जाऊन सांगायला हवं. दयारामनं गॅस पाहिला, बंद होता. नळ पाहिला, बंद होता. समाधानानं तो बाहेर पडला आणि दार ओढून घेतलं. दार ओढलं की आपोआप लागणारं कुलूप त्यानं स्वतःच बसवलं होतं, कडक पोलादाचं. ते लागलं.

खिशात हात घातला. चावी होती. ती त्या लाल कुलपाची होती, जे जर्मनीत दोन तुकडे होऊन पडलं होतं. घराची चावी आत, देवघरासमोर, फोनच्या बाजूला.

चिंधू अजून झोपाळ्यावरच होता. नाव नोंदवल्याचं ऐकून त्यानं दयारामच्या पाठीवर जोरात हात मारला.

"आणखी एक काम होतं," दयाराम म्हणाला. "तुमच्याकडे लोखंड कापायची आरी हाय का?"

चिंधूनं त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या खिशाकडे पाहिलं. मग काही न विचारता तो आत गेला, आणि हातात आरी न आणता नीतूनं काढलेली ती कोरी कॉपी आणि पेन घेऊन बाहेर आला.

"कारणाचा रकाना पहिले भर," तो म्हणाला.