पंधरा नावं आणि पाव किलो बोंबील

अंधेरीच्या मासळी बाजारात सरूबाईंच्या पाटीसमोर नंदकिशोर नाकाला रुमाल लावून उभा होता. तो प्रकाशक आणि सरूबाई त्याच्या लेखिका. सरूबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांनी सांगितलेल्या माशांच्या साठ कृती त्यानेच उतरवून घेतल्या होत्या. पुस्तक छापून तयार होतं, नावावाचून मुखपृष्ठ तेवढं अडलं होतं. बारापर्यंत नाव दिलं नाही, तर छापखाना दिवाळी अंकांना लागणार आणि पुस्तक थेट पुढच्या वर्षी.

"महिना घालवून पंधरा नावं काढलीत," नंदकिशोरने कागद उलगडला. "पहिलं, ‘जलचरपाकदर्पण’."

"जलचरात बेडूकपण येतो, भाऊ."

"बरं, ‘मीनरसमंजिरी’?"

"ही कोण? तुझी मेव्हणी?"

नंदकिशोरने हताश होऊन कागद पाटीशेजारच्या फळीवर ठेवला आणि चष्मा पुसायला घेतला. तेवढ्यात मागच्या चाळीतली शुभा आली आणि घाईघाईने पाव किलो सुके बोंबील घेऊन गेली. नंदकिशोर चष्मा लावून बघतो, तर फळी रिकामी.

"कागद कुठाय?"

"कागद? मग मी बोंबील कशात बांधले?" सरूबाईंनी कपाळाला हात लावला. "वाट लागली! चल, घर ठाऊक आहे मला. कृष्णाबाई, तुझ्याबरोबर माझ्याही पाटीकडे बघ गो!"

शुभाच्या दारात पोचेपर्यंत नंदकिशोरला धाप लागली होती. शुभाचा गॅसच्या जोडणीचा नंबर अजून लागायचा होता. आत वातीच्या स्टोवर तवा ठेवलेला, तव्यावर बोंबील भाजत होते.

"तो कागद?" शुभा दारात येऊन म्हणाली. "त्यानेच तर स्टो पेटवला. कुणाच्या बारशाची यादी होती ना? काय एकेक नावं! म्हटलं, पोरीला मोठेपणी फॉर्मवर रकाना पुरायचा नाही."

"बारशाची नाही हो, पुस्तकाची!" नंदकिशोर कळवळला. "सरूबाईंच्या माशांच्या पुस्तकाची!"

"अय्या, मग मी घेणार ना! पण नाव साधं ठेवा. दुकानात मागताना जीभ अडखळायला नको."

"साधं म्हणजे कसं?"

शुभा विचार करत राहिली आणि आतून धूर आला. सरूबाई दोघांना बाजूला सारून आत धावल्या.

"आच कमी कर गो! बोंबलांचा कोळसा केलास!"

त्यांनी वाती खाली केल्या, करपलेले दोन तुकडे फेकले, बाकीचे वाचवले. शुभाने टाळी वाजवली.

"हेच! ‘आच कमी कर गो!’ पुस्तक असं माझ्याशी बोललं, तर मी कशाला करपवीन?"

नंदकिशोरला ते आवडलं, पण सवय जाईना. "जरा भारदस्त करू या का? ‘मंदाग्नी’?"

"मंदाग्नी म्हणजे अपचन," शुभा म्हणाली. "माझे सासरे त्यावरच चूर्ण घेतात."

पावणेबारा झाले होते. नंदकिशोर ‘आच कमी कर गो!’ घोकत छापखान्याकडे पळाला.

दिवाळीच्या आत पहिली आवृत्ती संपली. पुढच्याच आठवड्यात तो एका निवृत्त प्राध्यापकांना घेऊन बाजारात हजर झाला. त्यांनी वेदान्तावर चारशे पानं लिहिली होती.

"सरूबाई, यांच्या ग्रंथाला नाव हवंय."

"देते की. काय लिहिलंय ते दोन शब्दांत सांगा, गिऱ्हाईक खोळंबलंय."

प्राध्यापक दोन शब्द बोटांवर मोजू लागले. मग इकडेतिकडे बघून ते हळूच म्हणाले, "खरं सांगू? मलाही अजून नीट कळलेलं नाही."

"हेच ठेवा," सरूबाई म्हणाल्या.

नंदकिशोरने पेन काढलं.