जेवणाच्या टेबलावरचा दिवा

अंथुर्ण्याच्या शिवारात, विजेच्या डीपीशेजारच्या उंचवट्यावर दत्तोबांचं घर. त्या घराच्या पडवीत दत्तोबा रविवारी सकाळपासून पाटावर बसून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून, एका घराचं वायरिंग करत होते. घर दोन मजली होतं, त्यात हॉल होता, किचन होतं, वर दोन बेडरूम होत्या आणि सगळं मिळून उंची दत्तोबांच्या गुडघ्याएवढी होती.

त्यांच्या मुलानं, ऋषिराजनं, बारामतीत नवा फ्लॅट घेतला, तेव्हा उरलेल्या प्लायवूडमधून सुतारानं त्याच्या लेकीसाठी, स्वरूपासाठी, हे बाहुलीघर करून दिलं होतं. पण स्वरूपाला ते नुसतं नको होतं. बाहुलीकडे आपल्या फ्लॅटसारखेच दिवे पाहिजेत आणि ते लागलेही पाहिजेत, असं तिचं म्हणणं होतं. आता फ्लॅटमधल्या दिव्यांबद्दल दत्तोबांचं मत काही बरं नव्हतं. वास्तुशांतीच्या दिवशी ते हॉलमध्ये मान वर करून बराच वेळ उभे होते आणि शेवटी म्हणाले होते, "उजेड हाय, पर दिवा कुठाय?" सूनबाई श्रेयानं समजावलं की दिवे छताच्या आत लपवलेले असतात. "लपवायचेत तर लावायचे कशाला?" असं म्हणून ते जेवायला बसले होते, आणि ताटावर लोंबणाऱ्या दिव्याला डोकं आपटून पुन्हा उठले होते.

पण नातीनं विचारलं, "आबा, तुम्हाला येईल का हो करायला?" आणि दत्तोबा म्हणाले, "न येयाला काय झालं?" माणूस एकदा असं म्हणाला की मग त्याला मागे वळता येत नाही.

दत्तोबांचं एक होतं. चूक त्यांच्याकडून कधी होत नसे. ती वायरीकडून होई, हवामान खात्याकडून होई, फार तर प्रयागबाईंकडून होई. प्रयागबाईंनी चुलीपुढे आणि गॅसपुढे उभा जन्म काढला, पण नवऱ्याच्या तोंडून "माझं चुकलं" हे शब्द काही ऐकले नाहीत. आणि सोल्डरिंगच्या डागाबद्दल, म्हणजे कथलानं जोडलेल्या सांध्याबद्दल, तर दत्तोबांपुढे बोलायचीच सोय नव्हती. "आपन दिल्याला डाग सुटला, आसं हून गेलं न्हाय," ते सांगायचे, आणि पुरावा म्हणून त्यांनी डाग दिलेला वडिलांच्या वेळचा पितळी फवारणी पंप माळ्यावरून खाली यायचा.

तर दत्तोबा कामाला लागले. ठिबक सिंचनाच्या बारीक नळीतून केसासारख्या वायरी ओवल्या. जनावरांच्या इंजेक्शनच्या बाटल्यांची झाकणं छतात बसवून त्यांत दाण्याएवढे दिवे ठेवले. हॉलच्या छताला कडेनं पट्टी मारून तिच्यामागे दिवाळीच्या माळेचा तुकडा असा लपवला, की उजेड दिसावा आणि दिवा दिसू नये. जेवणाच्या टेबलावर लोंबणारा दिवा मात्र खास होता. ठिबकचा ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणारी बोंडी, तासून, आतून रुपेरी रंग देऊन त्याची टोपी केली होती. या सगळ्याला करंट फवारणीच्या पंपातल्या बॅटरीचा. म्हणजे वस्तीवर लाईट असो-नसो, बाहुलीकडे कायम.

हे काम कित्येक रविवार चाललं होतं. खरं तर त्याला एवढे दिवस लागायचं कारण नव्हतं. पण ठरलं असं होतं, की दिवे पुरे झाले की घर बारामतीला न्यायचं. तोवर दर रविवारी ऋषिराज स्वरूपाला सकाळी वस्तीवर सोडायचा आणि संध्याकाळी न्यायचा. त्याआधी ही पोरगी दिसायची दिवाळीला, नाहीतर गावच्या जत्रेला. दत्तोबांच्या हे ध्यानात आलं आणि त्यांचा हात आपोआप जड झाला. कधी जिन्यात दिवा हवा असं त्यांना वाटायचं, कधी बाथरूमच्या आरशावर. त्यात भर म्हणजे गेल्या रविवारी लागलेला एखादा दिवा या रविवारी हमखास विझलेला असायचा. तो शोधण्यात आणि दुरुस्त करण्यात अर्धा दिवस जायचा. दत्तोबांना सवडीचा आनंद व्हायचा, पण डाग सुटतो म्हणजे काय, या विचारानं रात्रीची झोपही जायची.

या रविवारी मात्र ऋषिराजनं गाडीतून उतरता उतरताच सांगितलं, "तात्या, आज काय ते उरकून टाका. पुढच्या रविवारपासून हिला क्लास लावलाय. घर आज घेऊनच जाणार."

"कसला कलास?"

"अबॅकसचा. मणी मोजून गणितं करतात."

"मनी मोजायला आमी हितं शिकवू की. तूर हाय, हरभरा हाय."

ऋषिराज हसला आणि भिगवणला कामासाठी निघून गेला. दत्तोबांना काही हसू आलं नाही. दिवसभर त्यांनी खाली मान घालून काम केलं. आता लांबवायला जागाच उरली नव्हती. उन्हं कलली तेव्हा सगळे दिवे लागले होते.

"आबा, बाहेरून कसं दिसतं ते बघायचं," स्वरूपा म्हणाली. "आमची बिल्डिंग रस्त्यावरून दिसते ना, तसं."

दत्तोबांनी घर उचललं आणि पुढच्या खिडकीत ठेवलं. खिडकीत आधीच एक झिरोचा पिवळा बल्ब होता. तो त्यांनी मागे सारला. आणि इथेच सगळं बिघडलं.

तो बल्ब साधा नव्हता. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरपासून वायर ओढून तो लावलेला होता. शेतीची लाईट, म्हणजे मोटारींना ठरल्या वेळी मिळणारी वीज, आली की तो पेटायचा. उतारावरच्या सगळ्या वस्तीला दत्तोबांची ही खिडकी दिसायची. पूर्वी सगळ्यांनी मोटारींना आपोआप सुरू करणारे ऑटो बसवले होते, पण लाईट आली की साऱ्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या आणि डीपी उडायचा. म्हणून वस्तीनं बसून ठरवलं, की ऑटो काढायचे, तात्यांचा दिवा बघायचा आणि पाळीपाळीनं मोटारी लावायच्या. मोबाइलवर निरोप यायचे, पण मोबाइलवर कुणाचा भरवसा नव्हता. भरवसा खिडकीवर होता. त्यात मधल्या वाऱ्यात तार तुटल्यापासून लाईट धड आलीच नव्हती. ढोबळी मिरचीनं माना टाकल्या होत्या आणि वस्तीचे डोळे उंचवट्याला लागले होते.

पहिली पाळी गोकुळची. तो अंगणात आरसा टांगून दाढी करत होता. अर्धा गाल झाला आणि आरशात त्याला मागच्या उंचवट्यावरची खिडकी पेटलेली दिसली. तो तसाच फेसासकट विहिरीकडे पळाला. हिरवं बटण दाबलं, मोटार गप्प. पुन्हा दाबलं, तरी गप्प. दुसरी पाळी जोतीरामची. त्याचीही मोटार गप्प. तिसऱ्या पाळीच्या छबूबाईंनी बांधावरूनच फोन लावला. तो प्रयागबाईंनी उचलला.

"लाईट हाय का गं तुमच्याकडं?"

प्रयागबाईंनी भाकरी थापता थापता दाराकडे मान वळवली. बाहेरच्या खोलीत पिवळा उजेड पडला होता. "हाय की. खिडकीतनं दिसत न्हाय व्हय?"

"दिसतीया. म्हनून तर इचारलं."

इकडे स्वरूपानं बाहुलीला झोपवलं आणि खटका बंद केला. मग बाहुलीला तहान लागली, म्हणून चालू केला. मग बाहुली पुन्हा झोपली.

उतारावर जोतीराम कपाळाला हात लावून हे बघत होता. मोटारींमधलं आपल्याला कळतं, अशी त्याची ख्याती होती. "तिनातली एक फेज मारतुया," त्यानं निदान केलं. "येतुया नि जातुया. कुनी बटन दाबू नगा रं, मोटारी जळतील!"

"मी दाबलं की," गोकुळ म्हणाला.

"मग जळली तुजी."

झालं! गोकुळनं दोघा भावांना हाका मारल्या, दोर आला, आणि फेस वाळलेल्या अर्ध्या दाढीनिशी तो विहिरीतून मोटार वर ओढायला लागला. छबूबाईंनी वायरमनला फोन केला. तो फटफटीवरून आला, टेस्टर लावला आणि म्हणाला, "लाइनच बंद हाय मागनं. कसली फेज घेऊन बसलाय?"

"मग तात्यांच्या खिडकीत कशी आली?"

"ते तात्यांनाच इचारा," असं म्हणून तो निघून गेला.

सगळ्यांनी पुन्हा उंचवट्याकडे पाहिलं. मग जोतीराम हळूच म्हणाला, "मानसानं आपल्यापुरती येगळी लाईन घेतली म्हनायची."

"तात्या आसं करनार न्हाईत," छबूबाई म्हणाल्या. पण त्यांची नजर सुकलेल्या मिरचीवर होती. "आन केलं आसंल, तर मग काय बोलायचं?"

विहिरीच्या काठावर मोटार तशीच टाकून सगळे चढ चढायला लागले. ज्या दिव्यावर इतकी वर्षं भरवसा ठेवला, त्यानंच फसवलं, हे त्यांना मिरचीपेक्षा जास्त लागलं होतं.

"तात्या!" गोकुळनं अंगणातूनच आवाज टाकला. "भाईर या. वस्ती कोरडी आन तुमची खिडकी पेटलेली, ह्यो काय न्याय झाला?"

दत्तोबा बाहेर आले. समोर गोकुळची अर्धी दाढी, हातात दोराचं टोक, मागे माणसं. त्यांना काही कळेना. "कुटली खिडकी?" असं म्हणत ते वळले, आणि मग सगळ्यांनीच खिडकीकडे पाहिलं.

खिडकीत एक घर होतं. त्याच्या हॉलमध्ये छताच्या कडेनं मंद उजेड उतरला होता. जिन्याच्या पायऱ्यापायऱ्यांवर थेंबाथेंबानं प्रकाश सांडला होता. वर एक बाहुली दिव्याखाली झोपली होती आणि खाली जेवणाच्या टेबलावर ड्रिपरचा दिवा लोंबत होता.

गोकुळच्या हातातला दोर खाली पडला. छबूबाई पुढे झाल्या, पदर सावरून वाकल्या आणि आत डोकावल्या. "आगं बया! बलप कुठाय ह्येचा?"

"लपवलेला असतो, आजी," स्वरूपा म्हणाली.

"आन करंट?"

"फवारनीच्या पंपाचा," दत्तोबा म्हणाले, आणि मग बल्ब, खिडकी, दोर, दाढी हे सगळं त्यांच्या डोक्यात एकदम जुळलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला.

भांडायला आलेली माणसं भांडण विसरली. जो तो वाकून बघायला लागला. "देवघरात दिवा न्हाय," छबूबाईंनी चूक काढली. "गोठा कुठाय?" जोतीरामनं विचारलं. "फ्लॅटला गोठा नसतो," असं स्वरूपानं सांगितल्यावर, मग राहतात कसे, म्हणून त्याला वाईट वाटलं. गोकुळ टेबलावरच्या दिव्याकडे बघतच राहिला. "माझ्या ठिबकचा ड्रिपर कवा बी चोंदतो," तो म्हणाला. "ह्यो बगा कसा चमकतोय."

इतक्यात ऋषिराजची गाडी आली. एवढी गर्दी बघून तो आधी घाबरला, मग पेटलेलं घर बघून खूश झाला. "झालं की सगळं! कमाल केलीत, तात्या. चला, डिकीत ठेवू."

दत्तोबांचा चेहरा उतरला. संपवायचं नव्हतं ते संपलं होतं, आणि सगळ्या वस्तीनं बघितलंही होतं. आता जिना राहिलाय म्हणायची सोय नव्हती. या घराबरोबर रविवारही डिकीत जाणार होते. ते उगाच बॅटरी पुसायला लागले.

तेवढ्यात जेवणाच्या टेबलावरचा दिवा विझला.

"आरं!" गोकुळ म्हणाला. "गेला की!"

दत्तोबा घाईनं घराच्या मागच्या बाजूला वाकले. बोटानं चाचपडत त्यांनी नळी बाजूला केली. डाग जिथल्या तिथे होता, दगडासारखा. वायर मात्र डागाच्या वीतभर पुढे तुटली होती, आणि तिचं टोक ताजं होतं. त्या टोकाशी स्वरूपा उभी होती. हात पाठीमागे, नजर पायाच्या अंगठ्यावर.

दत्तोबांना गेले सगळे रविवार आठवले. दर वेळी विझलेला एकेक दिवा, डागापाशीच निसटलेली वायर, आणि त्यापायी आपण गमावलेली झोप. आपण हात जड करत होतो, आणि ही पोरगी तर आपल्याही चार पावलं पुढे होती. त्यांनी नळी हळूच परत वायरीवर सारली.

"काय झालं, तात्या?" ऋषिराजनं विचारलं.

सगळी वस्ती ऐकत होती. जोतीराम ऐकत होता, ज्याला त्यांनी तो पितळी पंप अनेकदा दाखवला होता.

"डाग सुटला," दत्तोबा म्हणाले. "माझाच कच्चा ऱ्हायला. माझं चुकलं."

स्वयंपाकघराच्या दारात प्रयागबाईंच्या हातातली परात खाली पडली.

"सगळेच डाग तपासाय लागतील," दत्तोबा पुढे म्हणाले. "लई काम हाय. आसलं अर्धवट घर पोरीला देऊ व्हय? चार लोकांत इज्जत हाय आपली."

"पण क्लास..." ऋषिराज म्हणाला.

"शनवारी घाल की कलास," छबूबाई म्हणाल्या. "देवघराचा दिवा बी ऱ्हायलाय आजून."

ऋषिराजनं सगळ्यांकडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि गाडीची डिकी बंद केली. गाडीत बसताना स्वरूपानं आबांच्या हातात एक बारीकशी गोष्ट ठेवली. तो वायरीचा तुकडा होता. दत्तोबांनी तो कोपरीच्या खिशात टाकला आणि वर हात ठेवला.

गाडी रस्त्याला लागली. वस्तीही उतरून गेली. गोकुळ मोटार परत विहिरीत सोडायला गेला. दत्तोबांनी घर खिडकीतून उचलून पडवीत आणलं, बॅटरी सोडवली, आणि मागे वळले तर खिडकीतला झिरोचा बल्ब पेटलेला.

ते धावत अंगणात आले. "आली रं! लाईट आली!"

उतारावर कुणी हललं नाही. फक्त जोतीरामचा आवाज आला. "तात्या, नात गेली का तुमची?"

"गेली," दत्तोबा म्हणाले.

"मग खरी आसंल," जोतीराम म्हणाला, आणि खाली पहिली मोटार सुरू झाली.